दीव : दोन मुक्काम, आणि भरती-ओहोटीचं गणित

महाराष्ट्रातून सौराष्ट्राकडे निघालेल्या सहलीचा साचा ठरलेला असतो : द्वारका, सोमनाथ, सासणचे सिंह. दीवला त्यात मिळालीच तर जाता जाता एक रात्र मिळते. संध्याकाळी अंधार पडताना पोहोचायचं, नागवा किनाऱ्यावर गर्दीत एक फेरी मारायची, जेवायचं, झोपायचं आणि सकाळी न्याहारी करून सुटायचं. मग परत आल्यावर 'दीवमध्ये काही विशेष नाही' असा निकाल. अर्ध्या दिवसात दुसरा निकाल लागूही शकत नाही. इथल्या बहुतेक गोष्टी भरतीची वेळ, उन्हाची तिरीप किंवा होड्या परतण्याची घटका साधली तरच दिसतात. दोन मुक्काम, तेही आठवड्याच्या मधल्या वारी, एवढी अट पाळली तर हे बेट पैसे वसूल करून देतं. खालचं सगळं नियोजन त्याच हिशोबाने आहे.

आधी नकाशा डोक्यात बसवा. दीव बेट सौराष्ट्राच्या दक्षिण टोकाला चिकटल्यासारखं आहे. मध्ये फक्त एक खाडी. पूर्व-पश्चिम लांबी अकराएक किलोमीटर, रुंदी जास्तीत जास्त तीन. अगदी पूर्वेच्या टोकाला किल्ला आणि त्याला लागून जुनं शहर, पश्चिमेच्या टोकाला वणाकबारा हे मच्छीमारांचं गाव, दोहोंच्या मध्ये नागवा किनारा आणि विमानतळ. सगळे चांगले किनारे दक्षिणेला, खाडी उत्तरेला. घोघला नावाचा भाग दीवचाच, पण तो बेटावर नाही, पुलापलीकडे मुख्य भूमीवर आहे. राहायची जागा निवडताना हा फरक उपयोगी पडतो.

कधी जावं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. ऑक्टोबर आणि मार्च चालतात, दुपारी ऊन चटकतं एवढंच. एप्रिल-मेमध्ये समुद्रावरचा वारा असतो, पण हवा दमट आणि दुपारच्या दगडी गल्ल्या तापलेल्या. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत समुद्र खवळलेला असतो, पाण्यात उतरता येत नाही, जलक्रीडा बंद असतात आणि मासेमारीबंदीच्या काळात ताज्या मासळीची आशा सोडावी लागते. पावसाळ्यात किल्ला आणि शहर मात्र छान दिसतं. पोहायचं नसेल आणि ओलं व्हायला हरकत नसेल तर जा.

महिन्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे गुजरातचं सुट्ट्यांचं कॅलेंडर, आणि मराठी प्रवासी नेमके इथे फसतात. आपल्याकडे भाऊबीज झाली की दिवाळी आटोपते. गुजरातमध्ये दुकानं लाभपंचमीला उघडतात, आणि तोपर्यंत अर्धं सौराष्ट्र दीवमध्ये असतं. दुसरी गर्दी श्रावणातल्या सातम-आठमची, म्हणजे जन्माष्टमीच्या आगेमागे. राजकोट-जामनगरकडे हा सण आठवडाभर चालतो. त्यानंतर होळी, १५ ऑगस्टला जोडून आलेला शनिवार-रविवार आणि ३१ डिसेंबर. या दिवसांत खोलीचे दर दुप्पट-तिप्पट होतात, नागव्याला गाडी लावायला जागा मिळत नाही आणि किनाऱ्यावर फुटक्या बाटल्यांची धास्ती असते. सोमवार ते गुरुवार हेच बेट शांत असतं. सहलीत सोमनाथ आणि दीव दोन्ही असतील तर सोमनाथ शनिवार-रविवारी करा आणि दीव सोमवार-मंगळवारी.

तारीख ठरवण्याआधी आणखी एक काम : पंचांग काढून तिथी बघा. कोकणातल्या वाचकाला सांगायला नको, पण देशावरच्यांसाठी : अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, म्हणजे भरती सर्वांत उंच आणि ओहोटी सर्वांत खोल. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी फारसं चढत नाही की उतरत नाही. समुद्राकाठच्या खडकातलं गंगेश्वर मंदिर पाहायचं असेल तर उधाणाचे दिवस बरे. लहान मुलांना घेऊन पाण्यात खेळायचं असेल तर भांगाचे. भरतीची वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. मुंबईचे कोळी तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढतात. तो आकडा दीवला जसाच्या तसा लावू नका, जागा बदलली की वेळ बदलते. हॉटेलात किंवा जेट्टीवर विचारा, किंवा फोनवर दीवचं भरतीचं वेळापत्रक बघा. एका दिवसाची वेळ कळली की पुढच्या दिवसांची तुम्हीच काढू शकता.

पोहोचायचं कसं

*रेल्वेने.* दीवला स्टेशन नाही. सोयीचं स्टेशन वेरावळ. वांद्रे टर्मिनसहून सौराष्ट्र जनता एक्सप्रेस दुपारी सुटते आणि राजकोट, जुनागढमार्गे दुसऱ्या दिवशी सकाळी वेरावळला पोहोचते. पुण्याहूनही वेरावळला गाडी आहे, पण आठवड्यातून एकदाच. वेरावळ ते दीव सुमारे ९० किलोमीटर, कोडीनार आणि ऊना या गावांवरून. क्रम असा ठेवा : वेरावळला उतरल्यावर सात किलोमीटरवरचं सोमनाथ आधी उरकून घ्या, दुपारी ऊनाची एसटी पकडा, ऊनाहून दीवची बस किंवा रिक्षा. ऊना ते दीव पंधराएक किलोमीटर. थेट टॅक्सीने अडीच तास धरा, बस बदलत गेलात तर चार. रात्री उशिरा ऊनाला पोहोचणं टाळा. बसची वारंवारिता कमी होते आणि रिक्षावाला सांगेल तो दर होतो.

*खासगी बसने.* मुंबईहून, विशेषतः बोरिवलीकडून, ऊना-दीवसाठी स्लीपर बस सुटतात. अठरा-वीस तासांचा प्रवास आहे. वरचा बर्थ घेऊ नका, सौराष्ट्रातल्या राज्य रस्त्यांवर तो झोपू देत नाही. तिकीट काढताना बस दीवमध्ये जाते की ऊनालाच सोडते हे विचारून घ्या. तिकिटावर 'दीव' असूनही पहाटे ऊनाच्या चौकात उतरवल्याचे प्रकार होतात.

*स्वतःच्या गाडीने.* मुंबईहून सगळा रस्ता कापला तर सुमारे ९०० किलोमीटर, आणि त्यातला मोठा भाग खंभातच्या आखाताला वळसा घालण्यात जातो. हा वळसा वाचवायला सुरतजवळच्या हजीराहून भावनगरजवळच्या घोघ्यापर्यंत गाड्या नेणारी रो-रो बोट आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये ती सुरू झाली. रस्त्याने ३७० किलोमीटर पडणारं अंतर समुद्रातून सुमारे ९० उरतं. तीन-चार तासांचा प्रवास. पुढे घोघा, तळाजा, महुवा, राजुला, ऊना असा जवळपास २०० किलोमीटरचा किनाऱ्यालगतचा रस्ता. इथे तीन गोष्टी सांभाळायच्या. गाडीचं आरक्षण आधी करा, आयत्या वेळी माणसाला जागा मिळते, गाडीला मिळत नाही. फेरी सुटण्याच्या किमान तासभर आधी पोहोचा, कारण गाड्या चढवणं लवकर बंद होतं. आणि आदल्या संध्याकाळी फेरी चालू असल्याची खात्री करा, वारा वाढला की ती रद्द होते. दीवचा भाग तो घोघला आणि भावनगरजवळचं बंदर ते घोघा. नकाशात टाइप करताना या दोन नावांची गल्लत झाली तर २०० किलोमीटरचा फरक पडतो.

*विमानाने.* बेटावर विमानतळ आहे, नागव्याला खेटून. मुंबईहून लहान विमानाची सेवा चालते, पण वेळापत्रक ऋतूनुसार बदलत राहतं. परतीचं विमान रद्द झालं तर हातात एक दिवस असावा. दीवहून उतरून त्याच रात्री मुंबईत पुढचं आंतरराष्ट्रीय विमान गाठायचा बेत आखू नका.

बेटावर शिरायच्या वाटा दोन. एक ऊना, देलवाडा, अहमदपूर-मांडवी, घोघला अशी येऊन पुलावरून थेट जुन्या शहरात उतरते. दुसरी ताड गावाच्या नाक्यावरून बेटाच्या मध्यावर येते. शहरात किंवा घोघल्यात उतरणार असाल तर पहिली, नागव्याला उतरणार असाल तर दुसरी.

राहायचं कुठे

जागा तीन, आणि प्रत्येकीचा गिऱ्हाईक वेगळा.

जुनं शहर : ज्यांना पायी फिरायचंय, किल्ला आणि गल्ल्या सकाळ-संध्याकाळ पाहायच्यात, बस-रिक्षा हाताशी हवी, त्यांच्यासाठी. हॉटेलं साधी, किनारा दूर. बंदर चौकाच्या आसपास खोली घेतली तर खाडी समोर असते. पहिल्यांदा जाणाऱ्याने इथेच राहावं असं आमचं मत.

नागवा : रिसॉर्टं, पोहण्याचे तलाव, दारात समुद्र. शहरापासून सातएक किलोमीटर. गर्दीच्या दिवसांत ध्वनिक्षेपकासह सगळं काही मिळतं.

घोघला : लांबलचक वाळूचा किनारा, स्वच्छ. २०२० मध्ये त्याला 'ब्लू फ्लॅग' हे आंतरराष्ट्रीय मानांकन मिळालं. देशातल्या ज्या पहिल्या आठ किनाऱ्यांना ते मिळालं, त्यांतला हा एक. कपडे बदलायच्या खोल्या, स्वच्छतागृहं, जीवरक्षक आहेत. मुलंबाळं बरोबर असतील तर ही जागा.

आरक्षणातली मुख्य फसगत हद्दीची. दीव केंद्रशासित आहे, पण घोघल्याला लागून अहमदपूर-मांडवीचा किनारा आहे, तो गुजरातमध्ये. तिथली आणि ऊनाचीही हॉटेलं आरक्षणाच्या संकेतस्थळांवर 'दीव' म्हणून दिसतात. दर कमी, फोटो सुंदर. पोहोचल्यावर कळतं की दारूबंदीच्या राज्यात उतरलोय आणि रोज नाका ओलांडून ये-जा आहे. पैसे भरण्याआधी पत्त्यात केंद्रशासित प्रदेशाचं नाव आहे की गुजरातचं ते बघा.

बेटावर फिरायचं कसं

भाड्याची स्कूटर सगळ्यांत सोयीची. घेताना ब्रेक, दिवा आणि टायर बघा, आधीच्या ओरखड्यांचे फोटो काढा, आणि पेट्रोल किती आहे ते मालकासमोर पाहून घ्या. टाकी बहुधा जवळच्या पंपापर्यंतच पुरेल एवढी भरलेली असते. मूळ परवाना गहाण ठेवू नका, झेरॉक्स आणि अनामत रक्कम द्या. गाडी ऊनाकडे नेता येईल का ते विचारा. बहुतेक मालक हद्दीबाहेर नेऊ देत नाहीत.

सायकलवाल्यांसाठी बेट सपाट आहे, चढ नावालाच. फक्त दुपारनंतर समुद्रावरून पश्चिमेचा वारा सुटतो. म्हणून सकाळी वणाकबाऱ्याकडे जायचं आणि परतताना वारा पाठीवर घ्यायचा. उलट केलंत तर शेवटचे सात-आठ किलोमीटर जीव काढतात.

जुन्या शहराच्या वेशीजवळचा जेठीबाई बसस्थानक हा तिसरा पर्याय. इथून नागवा, वणाकबारा आणि ऊनाच्या बस सुटतात. स्वस्त, पण संध्याकाळनंतर भरवसा नाही.

पहिला दिवस : शहर, पायी

सकाळी आठला किल्ल्यापासून सुरुवात करा. दुपारी इथे सावली नसते.

वसईचा किल्ला पाहिलेल्या माणसाला इथे ओळखीच्या खुणा पावलोपावली भेटतील. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ च्या तहात वसई आणि मुंबईची बेटं पोर्तुगीजांना दिली आणि पुढच्याच वर्षी, हुमायूनच्या भीतीने, दीवला किल्ला बांधायची परवानगी दिली. १५३७ मध्ये तोच सुलतान दीवच्या समुद्रात पोर्तुगीजांशी झालेल्या झटापटीत मेला. १५३८ आणि १५४६ मध्ये किल्ल्याला दोन मोठे वेढे पडले. पहिल्यात तर तुर्कांचं आरमारही आलं होतं. दोन्ही वेळा किल्ला टिकला आणि दुसऱ्या वेढ्यानंतर जवळजवळ नव्याने बांधला गेला. आपल्याकडे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर तिथलं पोर्तुगीज राज्य संपलं आणि इमारती ओसाड पडल्या. दीव १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडेच राहिलं, म्हणून वसईत जे छप्पर उडालेलं दिसतं ते इथे शाबूत आहे.

किल्ला नीट पाहायला दोन तास लागतात. तीन बाजूंना समुद्र, जमिनीच्या बाजूला खडक फोडून काढलेला खंदक, त्यात भरतीचं पाणी शिरतं. ओहोटीला गेलात तर खंदकाचा तळ दिसतो आणि छिन्नीने तासलेल्या भिंती किती उंच आहेत ते कळतं. आत पंचधातूच्या तोफा आहेत. नुसत्या नजरेखालून घालू नका, जवळ जाऊन त्यांच्यावरची राजचिन्हं आणि अक्षरं बघा. वर दीपस्तंभ. तटावर बऱ्याच ठिकाणी कठडा नाही आणि कडेचा दगड झिजून गुळगुळीत झालाय, लहान मुलांचा हात सोडू नका. पाणी बरोबर न्या. तटावरून खाडीच्या मध्ये जहाजाच्या आकाराचा बुरूज दिसतो तो पाणीकोठा. पूर्वी तिथे कैदी ठेवत. जेट्टीवरून होडीची फेरी मिळते, ती बुरुजाभोवती फिरवून आणते.

किल्ल्यातून बाहेर पडून पश्चिमेकडे चालत सुटा. दहा मिनिटांत सेंट पॉल चर्च. सतराव्या शतकाच्या पहिल्या दशकात बांधलेलं, आजही प्रार्थना चालू असलेलं. दर्शनी भागावरचं दगडी कोरीवकाम सकाळच्या उन्हात उठून दिसतं. आतली लाकडी वेदी अंधूक उजेडात आहे, डोळे सरावायला दोन मिनिटं द्या. जवळच टेकाडावर सेंट थॉमस चर्च, आता संग्रहालय. तिसरं, असिसीच्या सेंट फ्रान्सिसचं चर्च, पुढे इस्पितळ म्हणून वापरात आलं. उन्हं चढली असतील तर तिसरं सोडलं तरी चालेल.

दुपारी जेवून झोपा. दीवमध्ये दुपारी एक ते चार दुकानंसुद्धा झोपतात.

साडेचारला दुसऱ्या टोकाने, झांपा दरवाजाने, पुन्हा गावात शिरा. पोर्तुगीजांच्या तटबंदीतला हा लाल रंगवलेला दरवाजा. त्यावर सिंह, देवदूत आणि एक पाद्री कोरलेत, आणि आत शिरल्याबरोबर कोनाड्याएवढं एक चर्च आहे. सगळे लोक दरवाज्यासमोर फोटो काढून परत फिरतात, हे चिमुकलं चर्च पाहायचं राहतं. पुढे मकाता गल्ली. इथे श्रीमंत व्यापाऱ्यांच्या हवेल्या आहेत, त्यांत नगरशेठची हवेली पहिल्या नंबरची. चुन्यात काढलेल्या वेली आणि फळांचे घोस, वर लाकडी सज्जे, रंग उडालेले. हवेल्या खासगी आहेत, दार उघडं दिसलं तरी विचारल्याशिवाय आत जाऊ नका. अनेक घरांना कुलूप दिसेल. १९६१ पूर्वी इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वारसांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळू शकतं, त्यामुळे दीवची कितीतरी कुटुंबं पोर्तुगालमार्गे इंग्लंडात, त्यातही लेस्टरला, स्थायिक झाली आहेत. गल्लीत गुजराती आजी व्हिडिओ कॉलवर लेस्टरच्या थंडीची चौकशी करताना ऐकू आली तर नवल वाटू देऊ नका.

अंधार पडला की बंदराच्या रस्त्याने फिरा. किल्ला आणि पाणीकोठा दोन्ही उजळलेले असतात.

दुसरा दिवस : पश्चिमेकडे

पहाटे उठायची तयारी असेल तर थेट वणाकबारा, शहरापासून चौदाएक किलोमीटर. हिवाळ्यात इथे सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो, त्याच वेळी धक्क्यावर पोहोचा. होड्या टेकतात, टोपल्या उतरतात, लिलाव सुरू होतो, आणि दोन तासांत सगळं आवरलेलं असतं. नऊनंतर जाणाऱ्याला फक्त जाळी आणि वास मिळतो. लाकडी होड्या बांधण्याचं काम किनाऱ्यावरच चालतं. उभ्या सांगाड्याला एकेक फळी वाकवून बसवतात आणि फटीत कापूस ठासून भरतात. ठाशीच्या हातोडीचा आवाज दुरून येतो, त्या दिशेने जा. पायात घट्ट सँडल हवेत, धक्का निसरडा असतो. माणसांचे फोटो विचारून काढा. मासळी वाळत घातलेल्या जागेतून चालू नका, ते लोकांचं घर चालवणारं धन आहे.

परतताना गोमतीमाता किनारा लागतो. वाळू छान, माणूस नाही, आणि जीवरक्षकही नाही. म्हणून बसा, पाण्यात खोल जाऊ नका.

पोहायचं नागव्याला किंवा घोघल्याला. नागव्याचा किनारा घोड्याच्या नालासारखा आत वळलेला आहे, त्यामुळे मधल्या भागात लाटा सौम्य असतात. दोन्ही टोकांना खडक आहेत, भरतीला ते झाकले जातात आणि पाय तिथेच कापतो. ओहोटी चालू असताना पाणी आत ओढतं, त्यामुळे पोहायला भरती चढत असतानाची वेळ निवडा आणि जीवरक्षकाने लावलेल्या झेंड्यांच्या मध्येच राहा. दारू पिऊन पाण्यात उतरणं हे इथल्या दुर्घटनांचं जुनं कारण आहे. पॅरासेलिंग, जेट स्की वगैरेचे दर आधी ठरवा, आणि जीवरक्षक जाकिटाची बक्कल स्वतः ओढून बघा. जलक्रीडा सकाळी करा, दुपारनंतर वारा आणि रांग दोन्ही वाढतात.

नागव्याला जाताना-येताना दुतर्फा दिसणारी फांद्या फुटलेली ताडाची झाडं म्हणजे होका. ताडाला फांदी नसते असं शाळेत शिकलेल्यांनी इथे थांबून खात्री करून घ्यावी. रस्त्याकडेला त्याची तपकिरी फळं विकायला असतात. चघळायला गोडसर, पण दोऱ्यांनी भरलेली.

गंगेश्वर मंदिर फुदम गावात, शहरापासून तीन किलोमीटर. समुद्राकाठच्या खडकाच्या पोटात पाच शिवलिंगं, पांडवांनी स्थापली अशी श्रद्धा. इथे वेळ चुकली की काहीच पाहिलं नाही असं होतं. पूर्ण ओहोटीला समुद्र दूर असतो आणि लिंगं कोरडी. उधाणाच्या ऐन भरतीला पायऱ्यांपर्यंत पाणी येतं आणि उतरू देत नाहीत. भरती पूर्ण होण्याच्या साधारण दीड तास आधी पोहोचा. लाट खडकाच्या फटीतून आत घुसते, पाचही पिंडींवरून पसरते, फुलं आणि बेलाची पानं उचलून परत ओढून नेते, आणि पुढच्या लाटेपर्यंत काळा दगड चकाकत राहतो. पायऱ्यांवर शेवाळ असतं. अनवाणी उतरायचं असल्याने भिंतीचा आधार घ्या आणि मोबाइल खिशात ठेवा.

नायडा गुंफा शहराच्या तटबंदीबाहेर, जालंधर किनाऱ्याच्या वाटेवर. नैसर्गिक गुंफा वाटतात, पण किल्ल्यासाठी दगड काढता काढता खाण पोखरत गेली आणि हे भुयारांचं जाळं उरलं, असं मानतात. कापलेल्या पायऱ्या, चौकोनी खाचा आणि छिन्नीचे वण भिंतींवर स्पष्ट दिसतात. छताच्या भोकांतून सूर्याच्या तिरिपी पडतात त्या सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान. संध्याकाळी नुसता अंधार आणि वटवाघळं. फोटोसाठी मोबाइल पुरतो, फक्त उजळ ठिपक्यावर बोट ठेवून प्रकाश कमी करा, नाहीतर तिरीप पांढरी फटक येते.

सूर्यास्ताला चक्रतीर्थाजवळचं खुकरी स्मारक. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री पाकिस्तानी पाणबुडी 'हंगोर'ने दीवच्या समुद्रात भारतीय नौदलाची 'खुकरी' बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडलं नाही. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळालं. टेकाडावर काचेच्या पेटीत जहाजाची प्रतिकृती आहे. त्याच नावाची पुढची युद्धनौका २०२१ च्या अखेरीस निवृत्त झाल्यावर तीही दीवला आणली गेली. डिसेंबरमध्ये सूर्य सव्वासहाच्या आत बुडतो, साडेपाचला पोहोचा. खालचे चक्रतीर्थ आणि जालंधर किनारे खडकाळ आहेत, बघायचे, उतरायचे नाहीत.

जेवण

समुद्राच्या मधोमध आलो म्हणजे जिकडेतिकडे मासे मिळतील ही मराठी समजूत इथे सपशेल चुकते. येणारा पाहुणा बहुतांशी गुजराती, त्यामुळे बहुतेक हॉटेलांत काठियावाडी, पंजाबी आणि 'जैन मिळेल'. मासे शोधावे लागतात. ज्या ठिकाणी 'आज काय ताजं आहे' या प्रश्नाला एकच नाव येतं, तिथे बसा. दहा नावं आली तर शीतपेटी बोलतेय. संध्याकाळसाठी सकाळीच सांगून ठेवलं की सुरमई, कोळंबी, कधी शेवंड मिळू शकते. किलोचा दर आणि बनवण्याचे पैसे दोन्ही आधी ठरवा, शेवंडीच्या बाबतीत तर वजन समोर करून घ्या. मसाला मालवणी नाही, ओलं खोबरंही कमीच. तळलेला मासा मागवा आणि बरोबर बाजरीचा रोटला. शाकाहाऱ्यांनी शेव-टमाटर, रिंगणाचा ओळो (वांग्याचं भरीत) आणि छाश (ताक) यांवर भर द्यावा, इथली पंजाबी भाजी कुठेही मिळते तशीच.

दारू आणि नाका

दीवमध्ये दारू मिळते आणि गुजरातमध्ये बंदी आहे. मुंबई राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा १९६० नंतर गुजरातने पुढे चालवला आणि कडक करत नेला. म्हणजे दीवला जाताना किंवा तिथून येताना गाडीत एक बाटली असली तरी तो गुन्हा. महाराष्ट्रातून निघतानाच डिकीत ठेवलेली, सीलबंद, बिलासकट असलेली बाटलीसुद्धा. नाक्यांवर तपासणी होते, सुट्ट्यांत कसून. गाडी जप्त होऊ शकते, आणि सोडवायला कोर्टाच्या फेऱ्या पडतात. निघायच्या आदल्या रात्री डिकी, सीटखालची जागा आणि मित्रांच्या बॅगा तपासा. बसमध्ये शेजाऱ्याने 'जरा ही पिशवी धरा' म्हटलं तर धरू नका. बेटावरही प्यायची ती बारमध्ये किंवा खोलीत, किनाऱ्यावर बाटली उघडली की दंड. आणि पिऊन स्कूटर चालवू नका, रात्री रस्त्यावर गायी बसलेल्या असतात.

तिसरा दिवस आणि परतीची वाट

सकाळी घोघल्याला पोहून अकरापर्यंत निघालात तर संध्याकाळची आरती सोमनाथला सहज मिळते. गीरला जायचं असेल तर सासण सुमारे १०० किलोमीटर. सफारीचं परमिट सरकारी संकेतस्थळावरून आधीच काढलेलं असावं, सासणला जाऊन मिळेल या भरवशावर राहू नका. १६ जून ते १५ ऑक्टोबर जंगल बंद असतं. सकाळच्या सफारीसाठी आदल्या रात्री सासणलाच मुक्काम करा. दीवहून पहाटे तीनला निघून गाठायचा बेत कागदावर जमतो, पण गीरच्या हद्दीतल्या काही रस्त्यांवर रात्री वाहतूक अडवतात.

रेल्वेने परतणाऱ्यांनी वेरावळच्या गाडीच्या पाच तास आधी दीव सोडावं. कोडीनारच्या आसपास उसाच्या ट्रॉल्या असतात, हंगामात त्या एकामागे एक अडकून रस्ता तुंबतो. दीवहून थेट वेरावळची बस मिळाली तर बरं, नाहीतर ऊनाला बदला, आणि ऊनाच्या स्थानकात फलकावर विसंबू नका. पाट्या गुजरातीत आहेत. अक्षरं देवनागरीच्या जवळची असल्याने 'वेरावळ' लागतं वाचता, पण बस कोणत्या फलाटावर लागेल ते चौकशी खिडकीवरच विचारा. हिंदी चालतं, मोडक्या गुजरातीला जास्त आपुलकीने उत्तर मिळतं.